निघण्याआधी ट्रेलर तपासताना: आधी कपलर, मग वजन, मग बाकीचं

जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, पहिल्याच लांबच्या प्रवासाला निघायचंय, दिवे लागतायत, कपलर बसलाय, आता आणखी काय बघू, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर 'बसलाय' या शब्दापासूनच सुरू होतं. कपलर, म्हणजे गाडीमागच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणारा ट्रेलरच्या तोंडाचा जोड, नुसत्या नजरेनं तपासता येत नाही. तो बॉलवर अर्धवट टेकलेला असतानाही खटका कधीकधी बंद होतो. बॉल एक माप लहान असला तरी सगळं नीट बसल्यासारखंच दिसतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उडून वर येतो. म्हणून आधी बॉलवर कोरलेलं माप कपलरवरच्या मापाशी जुळवून बघा. मग खटका लावा, त्याची पिन घाला आणि जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचला. त्याबरोबर गाडीचा मागचा भागही दोन-चार सेंटिमीटर उचलला गेला पाहिजे. नुसता कपलर वर आला तर जोड झालेलाच नाही. हे करताना ट्रेलरच्या चाकांमागची उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावलेली पाचर) काढू नका. ती सगळ्यात शेवटी काढायची.

सेफ्टी चेन कपलरखालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता चेनवर अडकतं. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल ठेवा, पण रस्त्याला घासता कामा नयेत. ब्रेकअवे केबल चेनच्या हुकात अडकवलेली मी बऱ्याच ठिकाणी बघतो. तसं अजिबात करू नका. ती गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवा, कारण बाकी सगळं सुटल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावणं हेच तिचं काम आहे. ट्रेलरचे ब्रेक इलेक्ट्रिक असतील तर त्यासाठीची बॅटरी चार्ज आहे ना, तेही बघा.

आता वजन. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. अमेरिकी धाटणीच्या ट्रॅव्हल ट्रेलरचं भरलेलं वजन २,००० किलो असेल, तर त्यातलं १० ते १५ टक्के, म्हणजे २०० ते ३०० किलो, हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, यायला हवं. युरोपीय कॅरॅव्हॅनला हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास असतं. तुमच्या गाडीची मर्यादा मात्र तिच्या पुस्तकात बघूनच ठरवा. जड सामान मागच्या कपाटात गेलं की हिचवरचं वजन घटतं आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. म्हणून जड वस्तू खाली, एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर किंवा किंचित पुढे ठेवा. पाण्याची टाकीही हिशेबात धरा: १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि टाकी मागे असेल तर ते सगळं चुकीच्या जागी.

झोके सुरू झालेच तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग फिरवून सावरायलाही जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र) असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं हलकेच लावा.

टायर थंड असतानाच हवा बघा. जुन्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयानं मरतात. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. खाच कितीही खोल असली तरी इतका जुना टायर मी लांबच्या प्रवासाला वापरणार नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायच्या पान्यानं) घट्ट करा.

बाकीचं पटकन उरकतं: इंडिकेटर आणि ब्रेकलाइट दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करून बघा, गॅस सिलिंडरची झडप बंद करा, पायरी, बाहेरचं कापडी छत, अँटेना आत, आधाराचे जॅक वर. जोडणी चालू असताना कुणाशी बोलू नका, मध्येच थांबावं लागलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

पहिला थांबा लवकर घ्या. हात हबजवळ (चाकाच्या मध्याजवळ) आणून धग जाणवते का बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाकं काढून बसवली असतील तर ८० ते १६० किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासा.