लहानशा मदतीने खरोखर काही फरक पडतो का?

कुणाशी आपुलकीने दोन शब्द बोलणे किंवा न सांगता एखाद्याचे काम हलके करणे अशा लहानसहान गोष्टींनी प्रत्यक्षात काही बदलते का, की त्या केवळ करणाऱ्याच्या समाधानापुरत्या असतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फरक निश्चित पडतो. मात्र तो कृतीच्या आकारामुळे जितका पडतो, त्याहून अधिक ती कुणीतरी आधी केली यामुळे पडतो.

मी राहत असलेल्या इमारतीत जिन्यातला दिवा एकदा जवळजवळ तीन आठवडे बंद होता. आम्ही सर्वजण मोबाइलच्या उजेडात पायऱ्या चढत होतो, आणि इतके लोक ये-जा करत असताना कुणीतरी तक्रार केलीच असेल असे प्रत्येकजण गृहीत धरत होता. अखेर मी देखभाल करणाऱ्या माणसाला विचारले, तेव्हा एकही तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसल्याचे कळले. त्याच संध्याकाळी दिवा लागला. यात माझे कौतुक काहीच नाही, कारण त्याआधीचे तीन आठवडे मीही इतरांसारखाच गप्प होतो.

या गप्प राहण्याचा अभ्यास बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला होता. प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडण्यात आला. खोलीत एकट्या बसलेल्या २४ जणांपैकी १८ जणांनी बाहेर जाऊन तसे कळवले. पण ज्यांच्या शेजारी धुराकडे मुद्दाम दुर्लक्ष करणारी दोन माणसे बसवली होती, अशा १० जणांपैकी केवळ एकानेच कळवले. बाकीचे डोळे चोळत, हाताने धूर बाजूला सारत लिहीत राहिले. त्यांना निर्दय किंवा मूर्ख ठरवणे सोपे आहे, परंतु ते शेजाऱ्यांच्या शांत चेहऱ्यावरून परिस्थितीचा अर्थ लावत होते, एवढेच. शेजाऱ्याची स्वस्थता जर इतकी परिणामकारक ठरत असेल, तर शेजाऱ्याचे उठणेही तसेच ठरेल असे मला वाटते. पहिला माणूस उठतो तेव्हा तो स्वतःपुरती मदत तर करतोच, पण ‘येथे काहीतरी करण्यासारखे आहे’ हेही इतरांना दाखवून देतो.

दुसरी अडचण अशी की, आपल्या कृतीची किंमत ठरवण्यास आपण स्वतःच फारसे योग्य नसतो. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी स्केटिंग करणाऱ्या लोकांना गरम चॉकलेटचा पेला अनोळखी व्यक्तीला देण्याची संधी दिली, आणि घेणाऱ्याला त्याचे किती महत्त्व वाटेल याचा अंदाज देणाऱ्यांकडून घेतला. हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. देणाऱ्याची नजर पेल्यातल्या वस्तूवर असते, तर घेणाऱ्याला त्यामागची आपुलकी अधिक जाणवते. ‘एवढ्याशा गोष्टीने काय होणार’ म्हणून आपण जे टाळतो, त्यातले बरेचसे या चुकीच्या हिशेबामुळेच टळत असावे.

मला स्वतःला सर्वांत विचारात पाडणारे उदाहरण मात्र पत्रांचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे दोन गट केले. एका गटाशी कोणताही संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला पाच वर्षांत २४ लहान पत्रे पाठवण्याची योजना होती. पत्रांत सल्ला नव्हता आणि कसली मागणीही नव्हती. आपली आठवण आहे आणि आपले बरे चालले असेल अशी आशा आहे, इतकाच काय तो मजकूर असे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळणाऱ्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. पुढे हा फरक ओसरत गेला, आणि नंतर इतरत्र झालेल्या सर्वच प्रयोगांत असा ठळक परिणाम दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पत्र हा उपचारांना पर्याय नव्हे. तरीही ज्यांनी दार लावून घेतले होते, त्यांच्यापर्यंत दोन ओळी पोहोचल्या, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याने समोरच्याच्या हाकेची वाट पाहिली नव्हती.

आपल्या प्रश्नातील समाधानाचा मुद्दा मला फारसा अडचणीचा वाटत नाही. एखाद्याचे ओझे उचलताना मला बरे वाटले म्हणून त्याच्या डोक्यावरचा भार पुन्हा वाढत नाही. खरी चूक वेगळीच होते. अडचणीत असलेल्या माणसाला आपण ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणतो आणि पुढाकार घेण्याचे काम नेमके त्याच्यावरच टाकतो. मीही अनेक वर्षे असेच म्हणत आलो. आता मी ‘उद्या सकाळी मी रुग्णालयात बसतो, तुम्ही घरी जाऊन झोप काढा’ असे नेमके काहीतरी सुचवतो. समोरच्याला नको असल्यास तो नाही म्हणतो, आणि काही वेळा तसे म्हणतोही.