किती रक्त गेले, किती वेळ गेला : प्रसूतीविषयीच्या संशोधनावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. बाळंतिणीच्या अंगावरून किती रक्त गेले ते आम्ही पॅड आणि चादर पाहून अंदाजाने लिहितो. आता मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरायला सांगितले आहे. रक्त थांबते औषधाने. मग नुसत्या मोजण्याने काय साधणार?

उत्तर : नुसत्या मोजण्याने फारसे काही साधत नाही, ही तुमची शंका रास्त आहे. युरोपातील १३ देशांत पंचवीस हजारांवर प्रसूतींचा एक अभ्यास झाला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही रुग्णालयांना मापाची पिशवी दिली, काहींना दिली नाही. तीव्र रक्तस्रावाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

पुढे २०२३ मध्ये ‘ई-मोटिव्ह’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालये, दोन लाखांहून अधिक योनीमार्गे प्रसूती. यात पिशवीच्या खुणेला कृती बांधून दिली होती : रक्त या रेषेला पोचले की इतके उपाय, सगळे एकदम. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्याने मृत्यू, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होते, ते नव्या पद्धतीत १.६ टक्क्यांवर आले. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांतही पिशवी होती, फक्त तिच्यावर खुणा नव्हत्या. तिथे निम्म्याच रक्तस्रावांचे निदान झाले. खुणा असलेल्या ठिकाणी ९३ टक्के. अर्थात प्रशिक्षण आणि दर महिन्याची आकडेवारी पाहून होणारी चर्चा हाही नव्या पद्धतीचा भाग होता, त्यामुळे सगळे श्रेय पिशवीला देता येणार नाही.

नजर का चुकते? रक्त चादरीत मुरते, कापसात शोषले जाते, थोडे बादलीत जाते, आणि जितके जास्त जाते तितका अंदाज कमी भरतो. त्यात तरुण, निरोगी बाईची नाडी आणि बीपी बरेच रक्त गेले तरी तग धरून असतात. आकडे बिघडेपर्यंत थांबलात तर मौल्यवान वेळ हातचा गेलेला असतो.

पिशवी बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यानंतरच अंथरा. गर्भजल किंवा लघवी मिसळली की माप फुगते आणि दोन-चार वेळा खोटी धावपळ झाली की कोणी खुणेकडे बघेनासे होते. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी पाच गोष्टी पाहून लिहायच्या : पिशवीतले रक्त, वाहण्याचा वेग, गर्भाशय घट्ट आहे की मऊ, नाडी, बीपी. ५०० मिलिलिटर झाले की बाकी सगळे ठीक दिसत असले तरी उपचार सुरू. ३०० झाले आणि बाकीच्या चारांपैकी एखादी गोष्ट खटकली तरीही सुरू.

उपचार म्हणजे पोटावरून गर्भाशय घट्ट होईपर्यंत चोळणे, गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे ऑक्सिटोसिन १० युनिट सलाईनमधून दहा मिनिटांत, मग २० युनिट एक लिटरमध्ये चार तासांत, रक्ताची गुठळी विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, शिरेतून द्रव, आणि तपासणी. मूत्राशय रिकामे आहे ना, वार पूर्ण पडली का, योनी किंवा गर्भाशयमुख फाटले आहे का, हे पाहायचे. गर्भाशय दगडासारखे घट्ट असूनही रक्त वाहत असेल तर जखम शोधा. यातले एक देऊन ‘बघू, थांबते का’ म्हणत बसायचे नाही. जुन्या पद्धतीचा खरा घात तिथेच होता. सगळे करूनही थांबत नसेल तर वरिष्ठांना बोलवा, दुसरीकडे हलवायचे असेल तर लगेच हलवा.

आणखी एक. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेले असेल तरच त्याच्यावर विसंबा. उष्णतेत पडून राहिलेल्या ॲम्पूलचा गुण घटतो, आणि रंगावरून ते ओळखता येत नाही. जिथे फ्रिजचा भरवसा नाही तिथे प्रतिबंधासाठी उष्णता सोसणारे कार्बेटोसिन हा पर्याय आहे. जवळपास ३० हजार स्त्रियांच्या २०१८ च्या अभ्यासात ५०० मिलिलिटर वा अधिक रक्तस्राव टाळण्यात ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी ठरले नाही. ते १०० मायक्रोग्रॅम, बाळ जन्मल्यावर एकदाच.

प्रश्न : ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड इतके उपयोगी असेल, तर अंगात रक्त कमी असलेल्या प्रत्येक बाईला ते आधीच का देत नाहीत?

उत्तर : हाच विचार तपासून पाहिला गेला. आधी ‘वूमन’ अभ्यास, २०१७ : २१ देश, २०,०६० स्त्रिया, सगळ्यांना रक्तस्राव सुरू झालेला. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू १.२ टक्के, प्लासिबो (औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य) गटात १.७ टक्के. तीन तासांनंतर फायदा दिसला नाही. पुढे दोन मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर आढळले की दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

मग ‘वूमन-२’ मध्ये मध्यम ते तीव्र रक्तक्षय असलेल्या १५,०६८ स्त्रियांना नाळ कापल्यावर लगेच, रक्तस्रावाची वाट न पाहता, हे औषध किंवा प्लासिबो दिले. रक्तस्राव औषधाच्या गटात ७.० आणि प्लासिबो गटात ६.६ टक्के, म्हणजे फायदा नाही. असा निष्कर्ष निराशेचा वाटतो, पण त्याने लाखो स्त्रियांना निरुपयोगी इंजेक्शन देणे टळते, म्हणून आम्ही त्याला यशस्वी अभ्यासाइतकेच मोलाचे मानतो. रक्तक्षय बाळंतपणाच्या खोलीत भरून निघत नाही. तो गरोदरपणातच लोहाने भरून काढायचा असतो.

या औषधाची ॲम्पूल पाठीतल्या भुलेच्या औषधांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. दोन्ही दिसायला सारख्या असू शकतात, आणि चुकून हे औषध मणक्यात गेले तर झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो.

प्रश्न : माझ्या पत्नीला सातवा महिना आहे. प्रसूतीवेळच्या एका औषधाच्या अभ्यासात सहभागी व्हाल का, असे विचारले आहे. ‘तुम्हाला औषध मिळेल की प्लासिबो, ते आम्हालाही कळणार नाही,’ असे सांगतात. हे धोक्याचे नाही का?

उत्तर : आता विचारत आहेत हे चांगलेच आहे. कळा सुरू असताना पुढ्यात ठेवलेला कागद कोणी नीट वाचत नाही.

कोणाला काय मिळणार हे संगणकाच्या चिठ्ठीने ठरते. डॉक्टरच्या हाती निवड दिली तर नकळत जास्त आजारी बाईला औषध आणि धडधाकट बाईला प्लासिबो मिळतो आणि तुलनाच मोडते. प्लासिबो म्हणजे उपचार न देणे, असे मात्र होता कामा नये. नेहमीची सगळी काळजी दोन्ही गटांना मिळालीच पाहिजे. फरक फक्त त्या एका जास्तीच्या औषधाचा. हे त्यांच्याकडून स्पष्ट वदवून घ्या.

अभ्यास चालू असताना एक स्वतंत्र समिती आकडे पाहत असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अझिथ्रोमायसिनच्या अभ्यासात योनीमार्गे प्रसूती अपेक्षित असलेल्या २९ हजारांहून अधिक स्त्रियांना कळा सुरू असताना २ ग्रॅमचा एकच डोस किंवा प्लासिबो दिला होता. आईला सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयवांवर ओढवणारा जीवघेणा परिणाम) होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलेले दिसताच अभ्यास ठरल्याआधी थांबवला. बाळांना मात्र फायदा झाला नाही. म्हणून विचारा, ‘फायदा कोणाला अपेक्षित आहे, पत्नीला की बाळाला?’

शिवाय जास्तीच्या किती सुया टोचणार, बाळाची तपासणी किती दिवस होणार, इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, नैतिकता समितीची मंजुरी आणि संपर्क संमतीपत्रावर आहे का, हेही विचारा. निर्णय पत्नीचा, तुमची सही तिच्या सहीची जागा घेत नाही. ती नाही म्हणू शकते, हो म्हणून नंतर माघारही घेऊ शकते, आणि त्याने तिच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. ‘नाही म्हटलात तर बेड मिळणार नाही’ असे कोणी सुचवले, तर समितीकडे तक्रार करा.

प्रश्न : पहिल्या खेपेला बीपी वाढून ३२ व्या आठवड्यात प्रसूती झाली. आता पुन्हा दिवस गेले आहेत. ॲस्पिरिनने खरेच टळते का?

उत्तर : वेळेवर सुरू केले तर पुष्कळदा टळते. २०१७ च्या ‘ॲस्प्री’ अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिले. ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार, ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. त्यानंतर उद्भवणाऱ्या प्रकारात स्पष्ट फरक दिसला नाही. गोळ्या चुकवणाऱ्यांना फायदा कमी झाला, म्हणून उशाशी ठेवा. १६ व्या आठवड्याआधी डॉक्टरांना भेटा. अल्सर, दमा किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, स्वतःहून सुरू करू नका. आणि गोळी चालू असली तरी बीपी मोजणे थांबवू नका. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.