पाम बीचचे खांब आणि हरवलेला मध्यबिंदू

नवी मुंबईतील पाम बीच मार्गाच्या सरळ पट्ट्यातील दिव्यांचे खांब प्रत्यक्षात समान अंतरावर असूनही फोटोत पट्टीने मोजल्यावर अंतरांचा मेळ का बसत नाही, हा आपला प्रश्न वाचला आणि मला एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष आठवले, कारण याच खांबांपाशी मीही अडलो होतो.

या प्रश्नाचे उत्तर प्रक्षेपीय भूमितीत, म्हणजे चित्रात उतरताना आकृतीचे काय टिकते हे पाहणाऱ्या भूमितीत आहे. समांतर रेषांना एक सामाईक अनंतस्थ बिंदू (अनंत अंतरावर मानलेला छेदनबिंदू) दिला की प्रतलातील कोणत्याही दोन रेषा एकमेकींना छेदतात, एवढे आपल्याला ठाऊक आहे असे धरतो. माझी चूक त्यापुढची होती. समान अंतरावरील तीन खांबांपैकी मधला खांब चित्रातही मध्यबिंदूवरच असणार, असे गृहीत धरून मी प्रकल्पाची चाळीस पाने रचली. प्रक्षेपात, म्हणजे दृश्य असे फोटोत उतरताना, सरळ रेषा सरळ राहते, छेदनबिंदूही टिकतो. पण लांबी, कोन आणि लांबींचे साधे गुणोत्तर यांपैकी काहीच टिकत नाही. टिकतो तो एका रेषेवरील चार बिंदूंचा क्रॉस रेशो, म्हणजे गुणोत्तरांचे गुणोत्तर.

समजा, चित्रात रस्त्याच्या कडा जिथे मिळतात त्या बिंदूपासून चार खांबांचे पायथे अनुक्रमे 12, 6, 4 आणि 3 सेंटिमीटरवर आहेत. खांबांमधील अंतरे घेऊन पहिला-तिसरा गुणिले दुसरा-चौथा, भागिले दुसरा-तिसरा गुणिले पहिला-चौथा, म्हणजे (8×3)/(2×9), अर्थात 4/3. प्रत्यक्ष रस्त्यावर लगतच्या खांबांतील अंतर 1 धरले तर (2×2)/(1×3), तेही 4/3. मधला खांब मात्र 12 आणि 4 यांच्या मध्यावर, 8 वर नसून 6 वर आहे. मध्यबिंदू ठरतो तो अनंतस्थ बिंदूच्या जोडीने. फोटोत तो अनंतस्थ बिंदू कागदावरचा साधा बिंदू झाला की मध्यबिंदूही सरकतो. हे मला फार उशिरा उमगले.

प्रकल्पाची दुरुस्त प्रत द्यायला गेलो, तर एका कार्यालयाने (नाव घेत नाही) विभागाचे पत्र मागितले आणि विभागाने त्या कार्यालयाची परवानगी. ठाण्याहून केलेल्या त्या येरझाऱ्यांत माझे अख्खे सत्र गेले, आणि त्याचा राग अजून आहे.

माझे मत असे, आणि ते सर्वांना पटेलच असे नाही, की या विषयाची सुरुवात सहनिर्देशकांनी न करता फ्रेंच गणिती देझार्गच्या प्रमेयाच्या आकृतीने करावी (दोन त्रिकोणांचे जोडीचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळाल्या, तर जोडीच्या बाजूंचे छेदनबिंदू एका रेषेवर येतात). त्याचे 1639 चे काम जवळजवळ दोन शतके दुर्लक्षित राहिले. पुढे फ्रेंच गणिती पाँसलेने रशियात युद्धकैदी असताना या विषयाची मांडणी सुरू केली आणि 1822 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि फोटो काढताना मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, कारण तिने कडेच्या सरळ रेषाच वाकू शकतात आणि मग 4/3 काही केल्या येत नाही.