मीडिया, जाहिरात आणि राजकारणाची खिल्ली उडवणाऱ्या, काळ्या विनोदाच्या चांगल्या कादंबऱ्या कोणत्या?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं फ्लेक्स डिझाईनचं काम आहे, त्यामुळं जाहिरात आणि राजकारण रोज एकाच स्क्रीनवर बघतो. वाढदिवसाच्या बोर्डवर साहेबांचा फोटो केवढा, वरच्या नेत्याचा केवढा, खाली शुभेच्छुकांची मुंडकी कुठल्या क्रमानं, यावर माणसं तासभर भांडतात आणि एकजण पण हसत नाही. मला आवडणाऱ्या कादंबऱ्या असल्याच, आतल्या कुणालाच आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं.

पेपरवाल्यांवर ईव्हलिन वॉची 'स्कूप' (१९३८). गावाकडं बसून पशुपक्ष्यांवर सदर लिहिणाऱ्या बूट नावाच्या गड्याला, दुसऱ्या एका लेखकाचं आडनाव सेम म्हणून चुकून आफ्रिकेतलं युद्ध कव्हर करायला धाडतात. वॉ स्वतः १९३५ ला अबिसिनियात (आजचा इथिओपिया) वार्ताहर होता, म्हणून सगळं आतलं आहे. त्यात एका बड्या वार्ताहराचा किस्सा आहे, गडी क्रांती कव्हर करायला निघतो, रेल्वेत झोप लागते, भलत्याच देशात उतरतो आणि हॉटेलात बसून रस्त्यावरच्या बॅरिकेडची बातमी ठोकून देतो, मग बाकीचे पेपरवाले तिकडं पळतात, शेअर पडतात आणि आठवड्याच्या आत तिथं खरंच क्रांती होते! आफ्रिकन लोकांबद्दलची भाषा मात्र आज खटकते, ते धरून वाचा.

जाहिरातीवर फ्रेंच लेखक बेगबेडेची '९९ फ्रँक्स' (२०००). पुस्तकाची किंमत हेच नाव, युरो आल्यावर नाव पण बदललं. हिरो जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहितो, दह्याच्या क्लायंटपायी जीव नको झालेला, आपल्याला हाकलावं म्हणून पुस्तक लिहायला घेतो, आणि खुद्द लेखकाची एजन्सीतली नोकरी पण या पुस्तकापायी गेली. सुरुवात नाद खुळा, शेवटाकडं ताणलीय. पोल आणि कॉर्नब्लूथची 'द स्पेस मर्चंट्स' (१९५३) पण बघा, त्यात कॉपीरायटरला शुक्र ग्रह खपवायचा असतो, आपल्याकडं एनए नसलेला प्लॉट खपवतात तसा.

राजकारणावर मराठीत अरुण साधूंची 'सिंहासन' वाचाच, पण ती काळी जास्त, हसू कमी. पोट धरून हसायचं तर श्रीलाल शुक्लंची 'राग दरबारी' (१९६८), हिंदी आहे पण जमतंय. त्यातले वैद्यजी कॉलेज, सहकारी सोसायटी सगळं बैठकीत बसून चालवतात. सोसायटीत अपहार होतो तर म्हणतात, इतके दिवस अपहार झाला नव्हता म्हणून लोक संशय घेत होते, आता झालाय आणि आम्ही लपवला नाही, म्हणजे आम्ही खरी माणसं. हे पान मी सोसायटीत संचालक असलेल्या मामाला वाचून दाखवलं, तर तो म्हणतोय, मुद्दा बरोबरच आहे की त्यांचा.