जोडीनं दुसरा विषय घेतला तर मेजर, म्हणजे मुख्य विषय, मागे पडेल का?

“मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या असं व्हायला नको. संख्याशास्त्राला घातलाय पोराला, मग हे समाजशास्त्र कशाला गळ्यात?”

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघणाऱ्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजनं दोन विषयांची जोडी लावली होती: मुलं तीच, शिक्षक दोन, प्रकल्प एक. विषय कृष्णाकाठचा पूर. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून ही काळजी घेऊन पालक माझ्याकडे सारखे येतात.

वडिलांचं समाधान हिशेबानंच झालं. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, त्यातले निम्मे तरी मेजरचे असावेच लागतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तास. समाजशास्त्र इथं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मेजरबाहेरचा निवडीचा विषय; तो तर दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यायचा असतो. घ्यायचंच आहे, तर मेजरच्या उपयोगी पडेल असं का नको?

मुलगा मात्र गप्प. वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवलं तेव्हा बोलला. “अभ्यासाचं काही नाही मॅडम. लोकांच्या दारात जाऊन विचारायचं मला जमत नाही.” असं फार वेळा होतं. घरचे गुणांची चिंता करतात आणि पोरानं धास्ती घेतलेली असते भलत्याच गोष्टीची.

मी म्हटलं, “अरे, एकटा जाऊच नकोस. मित्रानं विचारायचं, तू लिहून घ्यायचं. आणि एकच प्रश्न पक्का कर, पाणी कुठवर आलं की तुम्ही सामान हलवता?”

पुढच्या भेटीत त्यानं वही उघडली. एका पानावर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ मोजलेल्या कृष्णेच्या पाणीपातळ्या: इशारा 40 फूट, धोका 45, 2019 ला 57 च्या वर. समोरच्या पानावर एका आजींचं उत्तर: “मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी बुडाली की आम्ही गुरं सोडतो.” ही तिसरी पायरी म्हणजे पुलावरचे किती फूट, हा प्रश्न त्याचा त्यालाच पडला. उत्तरासाठी आणखी दारं वाजवावी लागणार होती. या वेळी त्यानं स्वतः विचारलं. जीभ अडखळली, पण विचारलं.

दुपारी शेतावर गेलेल्यांची घरं बंद असतात, त्यामुळे दुपारी फिरून गोळा केलेला नमुना एकांगी होतो, हेही त्याला तिथंच कळलं. हे त्याचं मेजरच झालं की!

जोडी टिकवाच, असं मी सगळ्यांना सांगत नाही. दोन शिक्षकांचा मेळ नसला, प्रकल्प वेगवेगळे आणि जमा करायची तारीख एकच असली, की मुलाची नुसती फरफट होते. म्हणून नाव नोंदवण्याआधी दोघांनाही भेटा. प्रकल्प एकच आहे का, गुण कोण देणार, मेजरच्या परीक्षेच्या आठवड्यात काही जमा करायचंय का, हे विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर दुसरं ओपन इलेक्टिव्ह बघा.