इंग्रजीत अनेकवचनी नामाची मालकी दाखवताना ॲपॉस्ट्रॉफी नक्की कुठे लावायची?

तुमची अडचण अशी दिसते: ‘बहिणींची खोली’ लिहिताना ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर, आणि चिल्ड्रन, विमेन अशा शब्दांना वेगळा नियम का?

वेगळा नियम नाहीच. दोन कामं एकदम उरकायला गेलं की घोळ होतो. आधी अनेकवचन पुरतं लिहून टाका, मालकीचं नंतर बघू. सिस्टरचं झालं सिस्टर्स. शेवटी एस आलाय ना? मग त्यापुढे नुसती ॲपॉस्ट्रॉफी: ‘माय सिस्टर्स’ रूम’. चाइल्डचं चिल्ड्रन, शेवटी एन. म्हणून ॲपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही: ‘द चिल्ड्रन’स शूज’. मेन, विमेन, पीपल यांचंही तेच. ८ मार्चच्या फ्लेक्सवर कधी कधी एसच्या पुढे ॲपॉस्ट्रॉफी टांगलेली दिसते. ती चूक, कारण विमेन हेच मुळात अनेकवचन. त्याला आणखी एस जोडून शब्द होत नाही.

बोलताना कान काहीच मदत करत नाही, सगळे उच्चार एकच. मराठी माणसाची सोय म्हणजे अनुस्वार. ‘बहिणीची खोली’ असेल तर एसच्या आधी, ‘बहिणींची खोली’ असेल तर एसच्या नंतर. खोल्या किती, याच्याशी संबंध नाही, मालक मोजायचे. ‘माय सिस्टर’स फ्रेंड्स’ म्हणजे एका बहिणीच्या मैत्रिणी, ‘माय सिस्टर्स’ फ्रेंड’ म्हणजे दोघीतिघींची मिळून एक मैत्रीण.

पण ही युक्ती एका ठिकाणी दगा देते, आणि ते कुणी सांगत नाही. आपण बाबांची गाडी, सरांचं पुस्तक, आजोबांचा चष्मा म्हणतो. हा अनुस्वार आदराचा आहे. इंग्रजीला आपल्या आदराशी देणंघेणं नाही. बाबा एकच, म्हणून ‘माय फादर’स कार’. ‘आईबाबांचं घर’ मात्र खरंच दोघांचं, म्हणून ‘माय पेरेंट्स’ हाउस’. तेव्हा अनुस्वार दिसला की आधी विचारा: माणसं जास्त आहेत की मान जास्त आहे?

नोकरी करणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त लागतं ते राजीनाम्यात. एक महिना असेल तर ‘वन मंथ’स नोटिस’, तीन असतील तर ‘थ्री मंथ्स’ नोटिस’. बायोडेटातलं ‘फाइव्ह इयर्स’ एक्स्पीरियन्स’ तसंच. ॲपॉस्ट्रॉफीचा धसका घेतला असेल तर मधे ‘ऑफ’ घालून ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ लिहा, तेही तितकंच बरोबर.

आडनावांचं थोडक्यात. जोशी कुटुंब म्हणजे ‘द जोशीज’, बिनॲपॉस्ट्रॉफीचं. त्यांचं घर म्हणायचं असेल तरच एसनंतर ती येते: ‘द जोशीज’ हाउस’. बंगल्याच्या पाटीवर नुसतं कुटुंबाचं नाव कोरायचं असेल तर खडूसारखी ॲपॉस्ट्रॉफी उधळू नका, संगमरवरावरून पुसता येत नाही.

राहिली दिवसांची नावं. तिथे नियमापेक्षा नाव ठेवणाऱ्याचा हेतू चालतो. मदर्स डे सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या ॲना जार्विस यांनी ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच हवी असा आग्रह धरला. प्रत्येकाने आपापल्या आईचा मान करावा, जगातल्या समस्त आयांचा एकगठ्ठा नव्हे, हे त्यामागचं कारण. उलट ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेला अमेरिकी सरकार ॲपॉस्ट्रॉफी लावतच नाही. तो दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नाही, त्यांच्या सन्मानाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. अशी नावं अंदाजाने लिहू नका, अधिकृत लिखाणात असतील तशीच उतरवा.