ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचं पेटंट संपलं, तरी ते जेनेरिक गोळ्यांइतकं स्वस्त का होत नाही?

कारण ही गोळी नव्हे, प्रथिन आहे. पॅरासिटामॉलचा रेणू कुठल्याही चांगल्या कारखान्यात हुबेहूब बनतो. ही अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन) मात्र चिनी हॅमस्टरच्या पेशींकडून, मोठ्या टाक्यांत वाढवून बनवून घ्यावी लागते. तापमान, आम्लता जरा हलली की प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या बदलू शकतात. म्हणून नकलेला जेनेरिक नाही, ‘बायोसिमिलर’ म्हणतात. ती मूळ औषधासारखीच वागते हे सिद्ध करण्यातही बक्कळ पैसा जातो. मूळ औषधाला, म्हणजे ‘हर्सेप्टिन’ या ब्रँडला, अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. बायोकॉन आणि मायलन या औषध कंपन्यांच्या बायोसिमिलरला तिथे ती मिळाली थेट २०१७ मध्ये. आपल्याकडे ते २०१४ पासूनच आहे. आणि हो, हर-टू चाचणी (गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त आहे का, हे पाहणारी) पॉझिटिव्ह नसेल तर स्वस्त काय नि महाग काय, या औषधाचा उपयोग नाही.